वही कुठे ठेवू, सिस्टर?

गेल्या अंकात एका बाईंना उत्तर देताना मी सहज लिहून गेले, की आरोग्यसेविकेच्या नोकरीत एकतीस वर्षं मी दोन वह्या चालवल्या, एक सरकारची आणि एक माझी. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी रक्तदाब, गुडघेदुखी आणि बाळाचं वरचं अन्न यांना महिनाभर थांबायला सांगते. हा अंक रोजनिशीचा.

आधी दोन वह्यांचा खुलासा करते. पाटण तालुक्यातलं डोंगरातलं एक उपकेंद्र माझ्याकडे होतं. दिवसभर वाड्यावस्त्या फिरायच्या, संध्याकाळी दैनंदिनी भरायची आणि महिनाअखेर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात सहीला द्यायची. तिच्यात "गृहभेटी 14, गरोदर माता 3, विहिरीत टीसीएल टाकून ओटी घेतली" असा मजकूर असायचा. (टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, आणि ओटी म्हणजे पाण्यात क्लोरीन उतरलं का ते बघायची तपासणी.) तो खरा होता, न केलेली भेट मी कधी लावली नाही. पण दिवसभर जे डोळ्यांसमोर राहायचं ते त्या रकान्यांत मावायचं नाही. म्हणून जेवणं आटोपली की दुसरी वही उघडायची. साधी दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. अशा 46 वह्या कपाटात आहेत आणि सत्तेचाळिसावी चालू आहे.

प्रश्न : मी 27 वर्षांची आहे, हिंजवडीत नोकरी करते. दर डिसेंबरात अप्पा बळवंत चौकातून छानशी जाड डायरी आणते. 1 जानेवारीला दोन पानं भरभरून लिहिते, आठवड्यानंतर ओढाताण सुरू होते आणि पंधरा तारखेनंतर पानं कोरी. कपाटात अशा पाच डायऱ्या आहेत. माझ्यात चिकाटीच नाही का?
– एक वाचक, पुणे

अगं, पाच वर्षं दर डिसेंबरात नवी डायरी आणतेस, म्हणजे इच्छा चांगली चिवट आहे. अडचण त्या डायरीची आहे. छापील तारखेच्या डायरीत एक दिवस चुकला की कोरं पान समोर येतं, दोन चुकले की दोन येतात, आणि आठवड्याने वही उघडायचीच लाज वाटायला लागते. तू डायरी बंद करत नाहीस, त्या कोऱ्या पानांकडे बघणं टाळतेस. तेव्हा छापील तारखांची डायरी आणूच नकोस. शाळेची वही घे आणि तारीख आपल्या हाताने घाल. मंगळवारनंतर थेट शनिवार आला तरी वहीला कळत नाही.

दुसरं, दोन पानं लिहू नकोस. पहिले दोन महिने तीनच ओळी. चौथी सुचली तरी पेन खाली ठेव, ती उद्याला राहू दे. पहिल्या रात्री दोन पानं लिहिणारा माणूस दुसऱ्या रात्री पाटी टाकायला निघाल्यासारखा वहीकडे जातो.

तीन ओळींत काय लिहायचं? एक पाहिलेलं, एक ऐकलेलं, एक आपल्या हातांनी केलेलं. "आजचा दिवस बोअर गेला", "मूड नव्हता" असं लिहायचं नाही. दोन वर्षांनी वाचशील तेव्हा त्या शब्दांतून काहीच हाती लागणार नाही. त्यापेक्षा "डबा तसाच परत आणला, पावटा होता" असं लिही. तो दिवस कसा गेला ते त्या डब्यात आहे.

माझ्या एका वहीतलं पान तुला दाखवते. "शनि., 9 डिसेंबर 1995. बर्फाच्या पेटीचा पट्टा खांद्याला काचला, कातडी निघाली. धनगरवाड्यावर आजीने नातवाचं नाक धरलं. थेंब पोराच्या तोंडात पडले आणि घोट आजीने गिळला." एवढंच. देशभर पल्स पोलिओ सुरू झाला तो हा पहिला दिवस. तीन वर्षांच्या आतल्या एकूण एक मुलाला एकाच दिवशी दोन थेंब पाजायचे होते. सरकारी दैनंदिनीत मी त्या दिवशी बूथचे आकडे लिहिले असणारच, पण ते मला आज आठवत नाहीत. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा बातमी ऐकून मी उठले आणि ही वही काढली. आजीच्या गळ्याची ती हालचाल मला परत दिसली. ही ओळ लिहिली नसती तर मी ती केव्हाच हरवली असती. 1995 ते 2014 या काळात मी किती हजार गळे पाहिले असतील!

वेळेचं म्हणशील तर घड्याळाची वेळ ठरवू नकोस. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाच्या पाठीला वही बांध. मोबाइल चार्जिंगला लावला की वही उघडायची. डबा धुऊन पालथा घातला की वही उघडायची. लंडनमध्ये फिलिपा लॅली या संशोधक बाईंनी 96 लोकांवर सवयींचा अभ्यास केला होता, तो 2010 मध्ये छापून आला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाचा अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा 66 दिवसांचा निघाला. तू पंधराव्या दिवशी स्वतःला नापास करतेस, अजून निम्मीही वाट झालेली नसते. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. दूधवाल्याचा खाडा पडतो म्हणून आपण दूध बंद करतो का? खाडा पडला तर पडू दे. फक्त एक कर, मागची थकबाकी भरायला बसू नकोस. आजचंच लिही.

प्रश्न : सिस्टर, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझी वही घरातल्या एका माणसाच्या हाती लागली आणि सगळ्यांसमोर, जेवणाच्या वेळी, मोठ्याने वाचून दाखवली गेली. मी ती त्याच रात्री चुलीत घातली. त्याला 24 वर्षं झाली. आता मुलं शिकायला बाहेर आहेत, दुपारचा वेळ मोकळा असतो. परत लिहावंसं वाटतं, पण हात धजत नाही. वही कुठे ठेवू?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्या रात्री तुमच्या बाबतीत जे घडलं ते वाईट घडलं, आणि ते तुम्हाला त्या घरात कुणी म्हटलं नसेल, म्हणून मी इथे छापून म्हणते. चूक वाचणाऱ्याची होती. लिहिणाऱ्याची नव्हती.

आता जागेचं. नोकरीत मी अनेक घरांच्या स्वयंपाकघरात बसले आहे आणि बायका आपले कागद कुठे ठेवतात ते पाहिलं आहे. शिलाई मशीनच्या खणात, गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीत, पापडांच्या डब्यात तळाशी. पण लपवलेल्या वहीची एक अडचण असते. ती सापडली की सापडणाऱ्याला वाटतं, हिच्यात काहीतरी आहे म्हणूनच लपवली. मला सगळ्यात पटलेली युक्ती एका वाडीतल्या बाईंची. त्या हिशेबाच्या वहीत लिहायच्या. "दूध 2 लिटर, रॉकेल 3 लिटर, आज आईची फार आठवण आली, गूळ अर्धा किलो, बोलावंसं वाटलं पण बोलले नाही, चहापूड." वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. अकरा वर्षं कुणीही वाचली नाही, कारण किराण्याचा हिशेब कोण वाचतं? त्यांनी मला ती दाखवली तेव्हा आम्ही दोघी चुलीपुढे बसलो होतो. दाखवून झाल्यावर त्यांनी ती परत खिळ्याला अडकवली आणि भाकरी उलटली.

स्वतःच्या खुणा करून लिहिणं हीदेखील जुनी रीत आहे. इंग्लंडच्या आरमाराच्या कचेरीत काम करणारे सॅम्युएल पीप्स यांनी 1660 ते 1669 अशी साडेनऊ वर्षं रोजनिशी लिहिली, ती लघुलिपीत. ते वारल्यावर शंभराहून जास्त वर्षं ती तशीच पडून होती आणि 1825 मध्ये पहिल्यांदा छापली गेली. आपल्याकडे मोडी जाणणारी जुनी माणसं ज्या गोष्टी घरात सांगायच्या नसत त्या मोडीत लिहून ठेवत. तुम्ही एवढं करायला नको, पण माणसांच्या नावांऐवजी खुणा वापरा. मीही वापरते, वेगळ्या कारणाने. क्षयाचे रुग्ण, नको असलेली गर्भारपणं, मारहाण, हे सगळं मला कळायचं. माझ्या वहीत तुम्हाला एकही नाव सापडणार नाही. "वरच्या आळीतली दुसरी" एवढंच असेल. वही माझी असली तरी त्या बाईची अब्रू तिची आहे.

हात धजत नाही म्हणता, तर पहिले पंधरा दिवस सुट्या कागदावर लिहा आणि लिहून झालं की फाडा. आधी हाताला कळू दे की लिहिल्याने काही कोसळत नाही. सोळाव्या दिवशी वही घ्या. पहिल्या पानावर काय लिहू असं विचाराल, तर जळालेल्या वहीबद्दल लिहा. तिचा रंग कुठला होता, कुठून आणली होती, कुठलं पेन होतं, त्यातली कुठली ओळ अजून पाठ आहे. आणि घरात एकदा, भांडण नसताना, साध्या आवाजात सांगा, "ही माझी वही आहे, हिला कुणी हात लावायचा नाही." चोवीस वर्षांपूर्वीची सून हे म्हणू शकत नव्हती. आज त्या घरात तुमचा शब्द चालतो, हे तुमच्या पत्राच्या अक्षरावरूनच दिसतं.

प्रश्न : वहीत लिहावं की मोबाइलवर?
– एक वाचक, नाशिक

जे हाताशी असेल त्यावर. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप होतं, डोळे अधू असलेल्यांना ते सोयीचं आहे. फक्त तीन-चार महिन्यांनी मजकूर दुसरीकडे उतरवून ठेवा किंवा छापून घ्या, कारण फोन पाण्यात पडतो आणि चोरीलाही जातो.

वही असेल तर बॉलपेन वापरा. जुलै 2005 च्या पावसात आमच्या क्वार्टरचं छत गळलं आणि खालच्या फळीवरच्या वह्या भिजल्या. बॉलपेनची पानं पंख्याखाली वाळवली आणि वाचता आली. शाईपेनने लिहिलेल्या दोन वह्यांत निळे ढग तेवढे उरले. त्यांतली एक माझ्या मुलीच्या पहिल्या वर्षाची होती. वह्या जमिनीपासून वर ठेवा, भिंतीला टेकवू नका. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या फडक्यात बांधून ठेवा, आणि पावसाळा सरला की एकदा पानं उलटून वारा द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत ओल धरते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि अक्षर धरून निघते.

प्रश्न : मी 68 वर्षांचा निवृत्त बँक कर्मचारी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून वही आणली. पण लिहायचं काय? रोज तेच. फिरणं, चहा, पेपर, दुपारची झोप, बातम्या.
– एक वाचक, मिरज

भाऊ, तुमच्या घरात रोजनिशी आधीपासून लिहिली जात असणार, ती भिंतीवर टांगलेली आहे. कालनिर्णय 1973 पासून निघतं, आणि माझ्या पाहण्यात असं घर नाही जिथे त्याच्या चौकोनांत काही खरडलेलं नसतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, बाई आली नाही त्या दिवशीची फुली, पाहुणे येणार, चष्मा बदलला. वहिनींना विचारून मागच्या वर्षीचं शोधा. रद्दीत गेलं नसेल तर एक महिना घ्या आणि प्रत्येक खुणेवरून आठवेल तेवढं वहीत लिहा. सिलिंडर लावला त्या दिवशी घरात कोण होतं? फुलीच्या दिवशी भांडी कुणी घासली?

रोज तेच असतं तेव्हा स्वतःवरची नजर काढून दुसऱ्यावर ठेवावी. पुण्याला प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा एका दुपारी आगाखान पॅलेस पाहिला. तिथे कस्तुरबांच्या शेजारी महादेवभाई देसाईंची समाधी आहे. 1917 मध्ये ते गांधीजींकडे आले आणि पंचवीस वर्षं त्यांची दैनंदिनी लिहीत राहिले. कोण भेटलं, काय बोलणं झालं, कुठलं पत्र गेलं. 15 ऑगस्ट 1942 रोजी त्याच वाड्यात, कैदेत, ते गेले. ती दैनंदिनी गुजरातीत प्रसिद्ध झाली आणि 1955 मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इतकी पानं लिहिली, पण त्यांची नजर सतत समोरच्या माणसावर होती.

तुम्हाला गांधीजी शोधायला नकोत. फिरायला जाता तिथे बाकावर रोज कोण बसतं? पेपर टाकणारा मुलगा कितवीत आहे? बँकेत तुम्ही इतकी वर्षं काउंटरवर बसलात, अंगठा उठवणारी म्हातारी पैसे कसे मोजायची ते तुम्हाला माहीत आहे. एक दिवस आजचा, एक दिवस काउंटरचा, असं आलटून पालटून लिहून पाहा.

प्रश्न : नववीत आहे. मराठीच्या सरांनी सुट्टीत रोजनिशी लिहायला सांगितली आहे. सरांना दाखवायची असल्यामुळे खरं लिहिता येत नाही.
– एक विद्यार्थी, कणकवली

बाळा, तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन वह्या कर. एक सरांची, एक तुझी. मीही तेच केलं. सरांच्या वहीत शुद्धलेखन सांभाळ, तुझ्या वहीत नाही सांभाळलंस तरी चालेल.

सरांना सांगायला एक गोष्ट देते. रोज म्हणजे दिवस आणि "नविशी" म्हणजे लिहिणं, दोन्ही फारसीतून आलेलं, त्यातून आपली रोजनिशी झाली. फडणीस, चिटणीस, पारसनीस या आडनावांतला "नीस" तोच, लिहिणारा. आणि ॲन फ्रँकचं नाव ऐकलं असशील. 12 जून 1942 ला तिला तेरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा वाढदिवसाला वही मिळाली, म्हणजे ती तुझ्याहून लहानच होती. महिन्याच्या आत तिच्या घरच्यांना नाझींच्या भीतीने ॲमस्टरडॅममध्ये लपून राहावं लागलं. वहीला तिने किटी हे नाव दिलं आणि मैत्रिणीला लिहावं तसं लिहीत गेली, 1 ऑगस्ट 1944 पर्यंत. कुणाला लिहायचं ते ठरलं की पहिलं वाक्य आपोआप येतं. तुझ्या वहीलाही नाव दे. मला कळवू नकोस.

प्रश्न : 2021 च्या दुसऱ्या लाटेत धाकटा भाऊ गेला. समुपदेशक म्हणाल्या लिहा. लिहायला बसलो की दवाखान्याचा तो दरवाजा आठवतो आणि रात्रभर झोप लागत नाही. लिहिण्याने बरं वाटायला हवं ना? मग माझंच काही चुकतंय का?
– एक वाचक, सोलापूर

तुमचं काही चुकत नाही. लिहिल्यावर लगेच बरं वाटतं असं जे सांगतात त्यांनी खोल जखमेवर कधी लिहिलेलं नसावं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं होतं. घडलेलं आणि वाटलेलं, दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना लिहिल्यावर जास्तच वाईट वाटलं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणजे आधी ठणका आणि मग उतार. ड्रेसिंग बदलताना असतं तसं.

पण त्यांनी वेळ बांधली होती, हे लक्षात घ्या. पंधरा मिनिटं, चार दिवस. तुम्ही रात्री बसता आणि वेळेला काठ नसतो. दिवसा लिहा, उजेडात. घड्याळ लावून पंधरा मिनिटांनी उठा आणि लगेच हातांना काम द्या, भाजी निवडा, गाडी पुसा. त्या दरवाजाबद्दल आज लिहायलाच हवं असं नाही. भावाचा आवाज कसा होता, तो सायकल कशी टेकवून ठेवायचा, कुठली भाजी बाजूला काढायचा, तिथून या. दरवाजापर्यंत कधी पोहोचायचं ते तुम्ही ठरवा.

आणि एक नर्स म्हणून सांगते, हे ऐकाच. झोप दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलि-मानस या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. वही औषधाच्या जोडीला चालते, औषधाच्या जागी नाही.

प्रश्न : वडील एसटीत वाहक होते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत 38 डायऱ्या निघाल्या. ते लिहीत होते हे आम्हा भावंडांना माहीतच नव्हतं. मी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ते माझ्याशी चार वर्षं बोलले नव्हते. त्या चार वर्षांच्या डायऱ्या माझ्यासमोर आहेत. भाऊ म्हणतो, वाचू नकोस, जाळून टाकू. मला वाचायच्या आहेत आणि भीती वाटते.
– एक वाचक, इचलकरंजी

जाळू नका. एवढं पहिल्यांदा, बाकीचं सावकाश. त्यांना त्या कुणी वाचू नयेत असं वाटलं असतं तर एसटीच्या वाहकाला डायऱ्या नाहीशा करायला किती वेळ लागला असता? रोज नव्या गावाला जाणारा माणूस होता. त्यांनी त्या पेटीत, ओळीने, राखून ठेवल्या. त्यावरून मी तरी एवढंच समजते, की ते तुमच्यावर सोडून गेले आहेत.

आतमध्ये काय असेल ते मी सांगू शकत नाही. कठोर काही असेल. किंवा काहीच नसेल, नुसतं "सकाळची फेरी, गर्दी, चिल्लर कमी पडली, घाटात पाऊस" असं चार वर्षं असेल. याचीही तयारी ठेवा. ते तुम्हाला जास्त लागेल.

माझी आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत एकच वही निघाली, आहेराची. प्रत्येक घरात असते तशी. लग्न कुणाचं, कुणी काय दिलं, आपण काय परत केलं. "स्टीलचा डबा 1, पातळ 1, रोख 11 रु." अशी पानंच्या पानं, एकाच हाताची, एकाच वळणाची. मी उलटत गेले ती सवयीने, रजिस्टर तपासावं तशी. 1979 मध्ये माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं, त्या यादीत माझ्या आत्याच्या नावापुढे काही वस्तू नाही, आकडा नाही. तिथे पेन्सिलीने लिहिलंय, "स्वतः आली. पावसात." आत्याचं आणि आमच्या घराचं जमिनीवरून सात वर्षं बोलणं बंद होतं. आईने त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही, कौतुकाचं नाही की तक्रारीचं नाही. मी ट्रंकेशेजारी फरशीवर बसून राहिले. आई वारल्यावर तेरा दिवस मी रडले नव्हते, पाहुण्यांचं करण्यात गेले. त्या पेन्सिलीच्या तीन शब्दांवर रडले.

म्हणून तुम्हाला वाचण्याची रीत सांगते. ती चार वर्षं आधी उघडू नका. पहिल्या डायरीपासून सुरू करा, आणि एका दिवशी एका महिन्याहून जास्त वाचू नका. माणसाच्या लिहिण्याचा ढंग कळायला वेळ लागतो. ते रागावले की काय लिहितात, आनंद झाला की काय लिहितात, कुठल्या दिवशी पान कोरं सोडतात, हे पहिल्या दहा-बारा डायऱ्यांत तुम्हाला कळेल. तुमचा जन्म, पहिला दिवस शाळेचा, आजारपणं, हे सगळं वाटेत येईल. मग त्या चार वर्षांत पोहोचाल तेव्हा "घाटात पाऊस" म्हणजे नुसता पाऊस आहे की आणखी काही, हे तुमचं तुम्हालाच समजेल, कुणाला विचारावं लागणार नाही.

पानावर खूण करू नका, पान दुमडू नका, सुटी चिठ्ठी ठेवा. शाई फिकी झाली असेल तर उन्हाच्या खिडकीजवळ बसू नका. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, म्हणजे भावाचं मत पुढे बदललं तर त्यालाही मिळेल. बाजूला तुमची एक वही असू द्या. त्यांची तारीख डावीकडे, तुमची उजवीकडे, आणि त्या दिवशीचं तुम्हाला आठवतं ते तीन ओळींत.

आणि मला पत्र लिहा. सगळं वाचून झाल्यावर नको, मधेच कधीतरी, विसाव्या डायरीच्या आसपास.